कापसाच्या खोलीतला आवाज

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातलंही चौथीचं बरंचसं वर्ष मी शाळेमागच्या एका टिनाच्या शेडमध्ये काढलं. तिथे एका माणसाचा लाउडस्पीकरचा धंदा होता आणि मास्तरांच्या छडीपेक्षा त्याच्या भोंग्याचा आवाज मला जास्त ओढायचा. पुढे तोच धंदा मी आयुष्यभर केला. कळंबच्या आजूबाजूच्या गावांत लग्न असो, सप्ता असो, जयंती असो, भोंगा माझा. लांब महागाव तालुक्यात फुलसावंगीपर्यंत मी भोंगे नेले, आणि बायकोही तिथलीच केली. शेत होतं थोडं, कापूस-तुरीचं, ते भाऊबंदांच्या मदतीनं चालायचं. माझा जीव भोंग्यात.

आमच्या धंद्यात चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज. यात दुसरं शास्त्र नव्हतं. लग्नघरचा माणूस आधी विचारायचा, "शेतातल्या माणसाले ऐकू येईन का?"

मी म्हणायचो, "तुमच्या शेतात येईनच, व्याह्याच्याही शेतात येईन."

एकाच गावात दोन मंडळांचे दोन भोंगे लागले की समोरासमोर तोंडं करून जुंपायची. ज्याचं गाणं दुसऱ्याच्या गाण्याला दाबून टाकेल तो जिंकला. लोक येऊन पाठीवर थाप मारायचे. मी कधी दबलो नाही. हे मी मोठेपणानं सांगतो आहे, कारण ते खरं आहे.

फक्त एका माणसाला माझा भोंगा आवडायचा नाही, आणि ती माझ्याच घरात होती.

बायको खंजेरी भजनातली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: खंजेरी म्हणजे हातात मावेल असं चामडं मढवलेलं लाकडी कडं, कडेला पितळी चकत्यांच्या जोड्या. चामड्यावर थाप मारली की चकत्या झणझणतात. एक जण पुढे ओळ म्हणतो, बाकीचे मागे धरतात. आमच्या गावच्या बायांच्या मंडळात पुढे म्हणणारी माझी बायको. मी तिच्यासमोर माइक ठेवायचो आणि भोंगा चिंचेवर बांधायचो. तिचा आवाज तीन गावांत पोचवला असं मी सांगत फिरायचो.

ती म्हणायची, "तुमच्या भोंग्यातून मी नाही बोलत. थे बकरी बोलते."

मी म्हणायचो, "तीन गावं ऐकते."

"तीन गावं बकरी ऐकते," ती म्हणायची, आणि भाकरी थापायला बसायची.

एका दिवाळीनंतर मागच्या खोलीत कापूस भरला होता. तेव्हा भाव चढेपर्यंत कापूस घरातच ठेवायचे. खोलीत वर माणूस उभा राहील एवढीच जागा उरली होती. ती वर चढून पायानं कापूस दाबत होती आणि दाबता दाबता गुणगुणत होती. मी दारात उभा होतो. आणि मला एकदम समजलं की हा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही. भिंतीवरून काही परत येत नव्हतं. कापूस सगळं खाऊन टाकत होता. उरलं होतं ते फक्त तिच्या तोंडातून निघालेलं, तेवढंच.

मी धावत जाऊन टेपरेकॉर्डर आणला. कोरी कॅसेट घातली, माइक आढ्याला दोरीनं टांगला. तिला म्हटलं, "खंजेरी घे आन् तिथंच बस."

"कापसात बसून भजन? लोक काय म्हनतीन, याड लागलं दोघाले."

"लोकायले ऐकू जात नाही. कापूस आहे."

बसली. मधे एकदा शिंकली, त्यावर स्वतःच हसली, पण कॅसेटची बाजू संपेपर्यंत गायली. मग मी ते तिला वाजवून दाखवलं. खाली मान घालून तिनं पूर्ण ऐकलं. केसात कापूस तसाच अडकलेला. शेवटी म्हणाली, "हं. ही मी आहे."

माझ्या मशीनबद्दल तिनं उभ्या जन्मात काढलेला चांगला शब्द एवढाच.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. कॅसेट मी डब्यात ठेवली होती, आणि वाजवली नाही. पट्टी जुनी झाली की मशीनमध्ये अडकते, तुटते, हे मी दुसऱ्यांच्या कॅसेटांचं पाहिलेलं आहे. वाजवली नाही तर निदान आहे असं तरी म्हणता येतं.

या दिवाळीला मुलगी माहेरपणाला आली. एकुलती एक. लोहाऱ्याला दिली आहे, जावई तिथल्याच औद्योगिक वसाहतीत कामाला. आल्या आल्या पिशवीतून तिनं काड्याच्या पेटीएवढा एक डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"बाबा, आईची कॅसेट काढा. कॉम्प्युटरमंदी उतरवून घेऊ."

"राहू दे तिले तिथं."

"तुमच्यापाशी डब्यात आहे. माह्यापाशी काय आहे? फोटो आहे. फोटो बोलते का?"

मी उठून कॅसेट काढली.

तिनं मला डब्याचं काम समजावून सांगितलं. एका बाजूनं कॅसेट वाजते, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, मध्ये हा डबा. डबा आवाजाचे आकडे करतो आणि कॉम्प्युटर आकडे ठेवून घेतो. पुन्हा ऐकायचं तर आकड्यांचा परत आवाज होतो. मला ते नीट कळलं नाही, पण एवढं कळलं की बायकोला एका दारातून जायचं आहे, आणि ते दार म्हणजे हा डबा.

मी कॅसेट उघडली. स्क्रू अजून बरे होते. पट्टी दाबून धरणारी फेल्टची गादी गळून पडली होती, ती मी दुसऱ्या कॅसेटची काढून लावली. पण पट्टीला बोट लावलं तर बोटाला तपकिरी भुकटी लागली. ती भुकटी म्हणजेच आवाज. ती गळायला लागली होती.

"एकदा चालंल," मी मुलीला म्हटलं. "दुसऱ्यांदाचं मी सांगत नाही."

तिनं हातात घेतलेला डबा परत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जावई आले, तेही आपला डबा घेऊन. काळा, लोखंडी, विटेसारखा जड. सुट्टीच्या दिवशी ते घरी गाणाऱ्यांचं रेकॉर्डिंग करतात, त्यासाठी घेतलेला. मुलीचा डबा त्यांनी दोन बोटांत उचलून पाहिला.

"मामाजी, आईंची कॅसेट याच्यातून नका घालू. खेळनं आहे थे. माह्यावालं लावा."

मुलगी म्हणाली, "माह्या खेळन्याले नावं ठेवाची नाही. तुमचं जड आहे म्हनून चांगलं काय? जड तं पाटाही असते."

"आवाजात फरक पडते."

"मले ऐकू दे," मी म्हटलं. "वजनावर कायले जाता? कान आहेत मले. उभा जन्म यातच गेला."

जावई हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "मंग मामाजी, डोळे झाकून ऐका. कोनता डबा कोनता, न पाहता सांगा."

मी म्हटलं, लावा.

दोन्ही डबे एकदम जोडा म्हणजे भानगडच मिटते, असंही मी सुचवून पाहिलं. जावई म्हणाले, कॉम्प्युटर एकच आहे, आणि टेपमधून निघणारा आवाज म्हणजे एकाचं ताट, ते दोघांत वाटलं तर दोघं उपाशी. ते मला पटलं. एका मशीनवर जास्तीचे भोंगे लावले की काय होतं ते मला माहीत आहे.

बायकोच्या कॅसेटला हात न लावता परीक्षेसाठी मंडळाची एक दुसरी कॅसेट घेतली, बायको माहेरी गेली असताना गावच्या प्रार्थना मंदिरात भरलेली. तीच कॅसेट आधी एका डब्यातून उतरवली, मग दुसऱ्या. मग मला भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं, कानावर हेडफोन. मागे कॉम्प्युटरपाशी मुलगी. ती कधी हा लावणार, कधी तो. मी एक बोट वर केलं तर पहिला चांगला, दोन केली तर दुसरा.

मला वेळ लागला नाही. एक बोट. पुन्हा एक. तिनं अदलाबदल केली तरी मी तोच डबा पकडला, प्रत्येक वेळी. एकात बाया अंगणात गात होत्या, दुसऱ्यात परसात. इतका सरळ फरक. शेवटी वळून पाहिलं तर मुलगी टाळ्या वाजवत होती. मी तिचाच डबा निवडला होता.

"पाहा जवाईबापू," मी म्हटलं. "पाटा हारला."

जावई पुढे सरकले. कॉम्प्युटरवरच्या रेघा पाहत बसले. मग म्हणाले, "मामाजी, रागावू नका. पन हा डबा जरा मोठ्यानं वाजून राह्यला. मोठं वाजलं की कोनालेही चांगलंच वाटते. दोन्ही सारखे करतो, मंग ऐका."

त्यांनी दोन्हीचा आवाज मोजून सारखा केला. मी परत भिंतीकडे तोंड करून बसलो.

आणि काही नाही. दोन्हीकडे त्याच बाया, त्याच अंगणात. मी एक बोट वर केलं ते बोट वर करायचं म्हणून. मग दोन. मग एक. मागे कोणी बोलत नव्हतं, त्यावरूनच कळलं. टाळ्या वाजवणारी पोर गप्प बसली की काय समजायचं ते म्हाताऱ्याला समजतं.

"यात फरकच नाही," मी हेडफोन काढून ठेवला. "कंपन्या लुटून राह्यल्या तुमाले."

"असंन," जावई म्हणाले. "फरक बारीक आहे. नाही आला ऐकू तं नाही आला. आपन माह्यावालं लावून घेऊ, म्हनजे चिंता नाही."

हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, आणि तेच मला लागलं.

"न ऐकता? माह्या बायकोचा आवाज मी कोनाच्या सांगन्यावर कोनत्याही डब्यात नाही घालत. मले ऐकू येईन तवा कॅसेट लागंन."

मुलगी जवळ आली, हळूच म्हणाली, "बाबा, वयानं कान थोडे..."

"कानाले काही नाही झालं. सकाळी तू परसात नवऱ्याले काय म्हनत होती, सांगू?"

"काय म्हनत होती?"

"म्हनत होती, म्हातारा हट्टी आहे, याच्या नादी लागू नका."

जावयांनी खिडकीकडे तोंड केलं. मुलगी म्हणाली, "थे तं साऱ्या गावाले ऐकू येते," आणि चहा ठेवायला गेली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घाबरलो होतो. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हेच धरून मी सगळी उमर काढली, आणि आता कोणी मोठेपणा काढून घेतला तर माझ्या हातात काहीच उरत नव्हतं. पण त्याहून दुसरी भीती मोठी होती. कॅसेट एकदाच चालणार. चुकीच्या डब्यातून घातली आणि त्या बाजूनं बकरी निघाली, तर "हं, ही मी आहे" म्हणायला ती काही परत येणार नव्हती.

भाऊबीज झाली की दोघं जाणार होते, जावयांची ड्यूटी होती. तोपर्यंत मी शिकायचं ठरवलं. सकाळचा चहा झाला की खुर्ची भिंतीकडे. मुलगी निवडण-टिपण घेऊन कॉम्प्युटरपाशी बसायची, एका हातानं तांदूळ निवडायची, दुसऱ्यानं डबे बदलायची. तिच्या बांगड्या टेबलाला लागायच्या आणि त्यावरून मला अंदाज यायचा, म्हणून त्याही मी काढायला लावल्या.

"सनासुदीचं बांगड्या काढाले लावता बापा," ती म्हणाली.

"मंग दंडावर चढव."

पहिली अडचण भजनाची. मंडळाच्या सगळ्या बाया ओळखीच्या. एकीचा आवाज आला की तिचं घर आठवायचं, घरावरून तिच्या दारातला पेरू, आणि तोवर मुलगी म्हणायची, "सांगा, एक का दोन?" कसलं एक आणि कसलं दोन, मी पेरूच्या झाडावर होतो. कान गाण्याच्या मागे जातो. त्याला गाण्यातून ओढून काढणं म्हणजे बैलाला धुऱ्यावरच्या हिरव्या गवतातून ओढण्यासारखं.

मग मी गाणं सोडलं आणि खंजेरी धरली. चकत्यांची झणझण बारीक असते, तिथे फरक सापडेल असं जावयांनी सांगितलं होतं. पण एवढ्या बारकाव्यात माझा कान पोचेना. ते पोरीला मी सांगितलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. भोंग्याचा पडदा फाटला असेल तर गाणं चालू असताना कधी कळत नाही. गाणं सगळं झाकून टाकतं. मी काय करायचो, बोलणारा श्वास घ्यायला थांबला की तेवढ्यात ऐकायचो. खरखर असेल तर ती तिथे सापडायची. एवढ्या वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, मला स्वतःलाही नाही. हात करत होते, तेवढंच.

मी मुलीला म्हटलं, "जिथं साऱ्या बाया थांबतात आन् एकटी खंजेरी वाजून बंद होते, तेवढंच लाव. बाकी नोको."

तिनं तेवढाच तुकडा लावला. थाप पडली, झणझण झाली, संपली. प्रार्थना मंदिराचं छप्पर टिनाचं, उंच. थाप संपल्यावर ते टिन थोडं बोलतं. मी ते बोलणं ऐकत बसलो. पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा. आणि मग एकदा असं झालं की एका डब्यात ते बोलणं हळूहळू लांब गेलं, माणूस बोलत बोलत रस्त्यानं जावा तसं, आणि दुसऱ्यात मधेच दार लागलं.

"थांब. हा दुसरा आहे. दार लागलं."

"कोनतं दार?"

"लाव परत."

परत लावलं तर गेलं. काही नाही. सगळं सारखं. दिवसभर आलं नाही. रागानं मी जेवलो नाही, आणि मुलगी म्हणाली, "न जेवल्यानं कान तीक्ष्ण होते काय?" म्हणून जेवलो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी ते परत आलं. तुरीच्या वावरात ससा बसलेला असतो ना, तसं होतं हे. दुसऱ्याला दिसतो, तुम्हाला दिसत नाही. डोळे फोडून पाहिलं तरी ढेकूळच. आणि एकदा कान हलताना दिसला की मग तुम्हाला वावरात दुसरं काही दिसतच नाही. एका डब्यात खोली राहत होती. दुसऱ्यात खोली जात होती. बाया त्याच, खंजेरी तीच. फक्त सगळं थांबल्यावर एका ठिकाणी प्रार्थना मंदिर उभं असायचं, दुसऱ्या ठिकाणी नुसती भिंत.

पाडव्याला मी जावयांना सांगितलं, तुम्ही बदला, पोर नको. त्यांनी मला फसवायचा सगळा खटाटोप केला. मधे खोकले. उगाच खटखट बटणं दाबली. बोटं वर करत मी सांगत गेलो. एकदा त्यांनी डबा बदलल्यासारखं केलं आणि बदललाच नाही.

"थेच लावलं," मी म्हटलं. "मले येडं समजता काय?"

मागून मुलीचं हसणं ऐकू आलं, आणि मग जावयांचं.

"बस मामाजी," ते म्हणाले. "एवढं बिनचूक तं मलेही जमत नाही. तुमचा कोनता?"

"खोली राहते थो."

खोली राहत होती ती काळ्या डब्यात. मी वळून पाहिलं तेव्हा मुलगी आपला लहानसा डबा ओढणीनं पुसत होती. मी म्हटलं, "हा भाषणाले चांगला आहे. उद्या सरपंचाचं भाषण घेऊ याच्यात."

"ठेवा तुमचं सरपंच," ती म्हणाली, पण हसली.

कॅसेट लावायची वेळ आली तेव्हा मी दार लावलं, पंखा बंद केला, फ्रिजही बंद केला. जावई म्हणाले, "मामाजी, आवाज तारीतून जाते. बाहीर फटाके फुटले तरी चालते."

"तारीतून जाऊ दे. तुमी चूप बसा."

कॅसेट मी स्वतः घातली. बटण दाबलं. पट्टी सरकायला लागली, पण उजवीकडची चकरी अडखळत होती, पट्टी गुंडाळून घेत नव्हती. टेपचं झाकण मी आधीच काढून ठेवलं होतं. मी बोट चकरीवर टेकवलं आणि हळूहळू तिला फिरवत राहिलो, पट्टी ढिलीही पडू नये आणि ताणलीही जाऊ नये अशा बेतानं. बाजू संपेपर्यंत बोट काढलं नाही. त्या वेळी काय वाजत होतं ते मला विचारू नका. माझा जीव बोटात होता. समोर कॉम्प्युटरवर रेघा उठत होत्या आणि पडत होत्या, एवढं दिसलं.

खट्ट आवाज झाला. पट्टी संपली होती. पट्टी जिथे घासते त्या टेपच्या डोक्यावर तपकिरी भुकटीचा थर बसला होता. परत लावून पाहू असं तिघांपैकी कोणीच म्हटलं नाही.

"आलं," जावई म्हणाले. "पूर्न आलं."

मग मला खुर्चीवर बसवलं. भिंतीकडे तोंड करायची गरज नव्हती तरी मी तसाच बसलो. हेडफोन घातला. मुलीनं लावलं.

थाप पडली. झणझण संपली. मागे काही नाही, टिन नाही, भिंत नाही, फक्त मऊ गप्पपणा. तो कापूस होता. कापूस जसाच्या तसा आला होता. पुढची थाप, पुन्हा कापूस. प्रत्येक थापेचं शेपूट मी तपासत गेलो आणि प्रत्येक शेपूट जागेवर होतं. शिंक आली. शिंकेनंतरही कापूस. हेडफोन काढला तेव्हा मुलीनं तोंडावर ओढणी धरली होती. तिनं छोट्या स्पीकरवर सोबतच ऐकलं होतं.

"कसं आलं बाबा?"

"चांगलं आलं," मी म्हटलं. "एकदम साफ."

ते खोटं नव्हतं. पण बायको आली नव्हती. मी कापूस ऐकला, खंजेरी ऐकली, पट्टीची सळसळ ऐकली, ती कुठेच नव्हती. गाण्यातून कान ओढून काढायला मी इतके दिवस शिकलो होतो, आणि आता तो गाण्यात परत जाईना. संध्याकाळी मी पुन्हा एकदा ऐकलं. मनाला बजावून ऐकलं, आता फक्त तिचा आवाज. तर तिच्या प्रत्येक शब्दाच्या मागे काय उरतं तेच ऐकू आलं. मी कोणाला बोललो नाही. मागच्या खोलीत जाऊन उगाच बसलो. शेत आता ठेक्यानं दिलं आहे, कापूस वावरातूनच गाडीत जातो. खोलीत जुने भोंगे आहेत आणि एक मोडकी सायकल. आवाज पूर्ण वाचवला, आणि ऐकणारा कान खर्चून बसलो की काय, असं वाटलं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघणार होते. मी ओसरीत दाढी करत होतो. स्वयंपाकघरातून पिठाचा, तेलाचा वास येत होता. मुलगी वाटेसाठी दशम्या करत होती. आणि तिकडून तो आवाज आला. तिनं सगळं मोबाईलवर घेतलं होतं, आणि मोठं ऐकू यावं म्हणून मोबाईल स्टीलच्या गिलासात उभा करून लावला होता. काय सांगू तो आवाज! नुसता पत्रा. खंजेरी म्हणजे चमचे पडल्यासारखी. कापूस नाही, खोली नाही, काही नाही. एवढ्या मेहनतीनं आणलेल्या आवाजाचं हे काय करते, म्हणून मी अर्ध्या दाढीनंच उठलो, तिला सांगायला की बंद कर ते, असं ऐकायचं नसतं.

दारापर्यंत पोचलो. मुलगी पाठमोरी, लाटत होती, आणि गिलासातली आई पुढे ओळ म्हणायची, ती ही मागे धरत होती.

बायकोची एक खोड होती. पुढची ओळ उचलायची तिला भारी घाई, म्हणून मागच्या ओळीचं शेवटचं अक्षर ती गिळून टाकायची. मंडळातल्या बाया चिडायच्या, "अवं, पुरं तं म्हन, मग पुढं जाय." ही खोड मी पार विसरून गेलो होतो. दोनदा हेडफोन लावून, मनाला बजावून ऐकलं तरी ती मला ऐकू आली नव्हती. आता गिलासातून बायकोनं अक्षर गिळलं, आणि मागून मुलीनंही तेच अक्षर गिळलं. तिला माहीतही नसावं की ती गिळते आहे.

पुढच्या ओळीला मी वाट पाहिली. गिळलं. त्याच्या पुढच्या ओळीलाही. प्रत्येक ओळ संपायच्या आधीच बायको पुढच्या ओळीत पाय ठेवून उभी, जशी ती उभ्या जन्मात प्रत्येक कामाच्या पुढे अर्धा पाय टाकून असायची, आणि मी मागून ओरडायचो, थांब जरा.

मुलीनं वळून पाहिलं. माझ्या एका गालावर साबण होता.

"काय झालं बाबा? बंद करू?"

"काही नाही," मी म्हटलं. "चालू दे." आणि तिथेच उंबऱ्यावर बसलो.